सोसायटीतील जुलाब, कावीळ आणि डेंग्यू: आधी रोगाची वाट शोधा, मग ठराव करा

सिंहगड रस्त्यावरील एका गृहसंस्थेच्या सचिवांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात त्यांच्या चार इमारतींपैकी प्रामुख्याने दोन इमारतींतील तीसहून अधिक रहिवाशांना जुलाब आणि उलट्या झाल्या, त्याच सुमारास दोघांना कावीळ झाल्याचे निदान झाले आणि तिघांना डेंग्यू असल्याचे रक्ततपासणीत दिसले. कार्यकारिणीने तातडीची बैठक घेऊन तीन ठराव केले: आवारात धूरफवारणी करावी, लिफ्ट, जिने आणि पार्किंगमध्ये जंतुनाशक फवारावे आणि घरकामाला येणाऱ्या मावशींना पंधरा दिवस प्रवेश देऊ नये. एवढे पुरेसे आहे का, आणि खबरदारी म्हणून सर्वांनी प्रतिजैविकाच्या गोळ्या घ्याव्यात का, असे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

पुण्यात साथरोगांचा तपास आणि प्रतिबंध हेच माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे मी आधी स्पष्ट उत्तर देतो आणि मग त्याची कारणे सांगतो. हे तीनही ठराव जुलाब किंवा कावीळ थांबवू शकणार नाहीत, डेंग्यूवरही त्यांचा उपयोग अगदी थोडा होईल, आणि प्रतिजैविके सरसकट घेणे निश्चितपणे हानिकारक आहे. आज करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. चारही इमारतींमधील प्रत्येक घराने पिण्याचे, दात घासण्याचे आणि कच्च्या भाज्या धुण्याचे पाणी उकळून वापरायला सुरुवात करावी, घरात शुद्धीकरण यंत्र असले तरीही. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातील आरोग्य विभागाला लेखी कळवावे. आणि टाक्यांमध्ये टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकण्यापूर्वी पाण्याचे नमुने घ्यावेत. हा शेवटचा मुद्दा मी मुद्दाम अधोरेखित करतो, कारण घाबरलेली समिती बहुतेक वेळा आधी टाकी रिकामी करून घासून घेते आणि नंतर नमुना पाठवते. तो अहवाल अर्थातच निर्दोष येतो आणि साथीचे मूळ सापडण्याची संधी कायमची हातची जाते.

आता कारणांकडे वळतो. सूक्ष्मजीव सर्वत्र असतात, आपल्या त्वचेवर आणि आतड्यात तर ते अब्जावधींच्या संख्येने असतात, आणि त्यांपैकी बहुसंख्य आपल्याला काहीही अपाय करत नाहीत. त्यामुळे ‘सगळीकडचे जंतू मारा’ हे उद्दिष्ट साध्य होण्यासारखेही नाही आणि आवश्यकही नाही. रोगकारक सूक्ष्मजीवाला एका माणसापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचायचे असेल, तर त्याला शरीरातून बाहेर पडण्याचा ठरावीक मार्ग लागतो, बाहेर काही काळ तग धरावा लागतो, नव्या शरीरात शिरण्याचे योग्य द्वार मिळावे लागते आणि पुरेशा संख्येने तेथे पोहोचावे लागते. यांपैकी एक कडी तुटली तरी संसर्ग थांबतो. पुरेशी संख्या म्हणजे किती, हेही प्रत्येक जंतूगणिक बदलते. पटकीचे (कॉलऱ्याचे) जंतू निरोगी माणसाच्या जठरातील आम्लातून तगून रोग निर्माण करायचे असतील तर ते कोट्यवधींच्या संख्येने पोटात जावे लागतात, तर जुलाब-उलट्या घडवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूचे शंभराहूनही कमी कण पुरतात. म्हणूनच पटकी बहुधा मोठ्या प्रमाणावर दूषित झालेल्या पाण्यातून किंवा अन्नातून पसरते आणि नोरोव्हायरस मात्र पाण्याबरोबरच न धुतलेल्या हातांवरूनही घरभर फिरू शकतो.

वाट न ओळखता केलेल्या उपायांचे काय होते, हे पुणेकरांना वेगळे सांगण्याची गरज पडू नये, इतका कडवट अनुभव या शहराच्या पदरी आहे. १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत प्लेगचा जंतू सापडला होता. १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात प्लेग भडकला तेव्हा रोग कशामुळे होतो हे माहीत होते, पण तो उंदरांवरच्या पिसवांमार्फत माणसात येतो हे ठाऊक नव्हते. फ्रेंच संशोधक पॉल-लुई सिमों यांनी ते कराचीत दाखवून दिले १८९८ मध्ये. मधल्या काळात रँडच्या हाताखाली सोल्जर घरात घुसले, भिंतींवर आणि फरशांवर जंतुनाशके ओतली गेली, सामानसुमान जाळले गेले, बायकामाणसांची विटंबना झाली, आणि त्या जुलमाचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर झालेल्या गोळीबारात झाला. भिंती धुऊन पिसवा मरत नव्हत्या. उंदीर मेला की त्या थंड पडलेले शरीर सोडून उष्ण शरीर शोधत आणि ते बहुधा त्याच घरातल्या माणसाचे असे. जी कुटुंबे गाव सोडून मळ्यांत झोपड्या बांधून राहिली, त्यांचा बचाव अधिक झाला, कारण ती नकळत उंदरांपासून दूर गेली होती. याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला उचलून हडपसरजवळच्या आपल्या मुलाच्या दवाखान्यात आणले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या स्वतः प्लेगने गेल्या. त्या काळच्या अधिकाऱ्यांकडे पिसवांचे ज्ञान नव्हते. आज आपल्याकडे जुलाब, कावीळ आणि डेंग्यू या तिन्हींच्या वाटांचे पूर्ण ज्ञान आहे, आणि तरीही आपण जिने धुण्याचा ठराव करतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपल्या सोसायटीतील जुलाबांच्या साथीकडे पाहू. तीसहून अधिक माणसे, थोड्या दिवसांत, मुख्यतः दोनच इमारतींत, एवढे वर्णन ऐकले की अनुभवी तपासनीसाचे पहिले लक्ष पाण्याकडे जाते. पण ते केवळ अनुमान असते, आणि ते तपासण्याचे साधन म्हणजे एक साधी वही. आजारी पडलेल्या प्रत्येकाचे नाव, वय, इमारत, मजला, त्रास सुरू झाल्याची तारीख आणि शक्य तर वेळ, आधीच्या आठवड्यात बाहेर कोठे खाल्ले, आणि पिण्याचे पाणी नेमके कोणत्या नळाचे, हे लिहून काढावे. तेवढेच महत्त्वाचे, आणि हमखास राहून जाणारे काम म्हणजे जे आजारी पडले नाहीत त्यांनाही तेच प्रश्न विचारणे. शंभर टक्के रुग्णांनी एखाद्या वाढदिवसाला जेवण केले असे दिसले तरी न आजारी पडलेल्या सर्वांनीही तेच जेवण केले असेल, तर जेवणावर बोट ठेवता येत नाही. मग प्लंबरला बरोबर घेऊन कागदावर नकाशा काढावा: महापालिकेची जोडणी कोठून आत येते, टँकरचे पाणी कोणत्या भूमिगत टाकीत उतरते, बोअरचे पाणी कोठे मिसळते, आणि कोणती भूमिगत टाकी कोणत्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीला पाणी देते. वहीतले रुग्ण या नकाशावर मांडले की बहुतेक वेळा उत्तर डोळ्यांसमोर येते. आपल्या दोन इमारती एकाच भूमिगत टाकीवर असतील आणि उरलेल्या दोन दुसऱ्या टाकीवर, तर संशयाला मोठा आधार मिळतो. वॉचमन आणि माळी थेट खालच्या नळाचे पाणी पितात, तर खेळणारी मुले बागेतल्या नळाला तोंड लावतात. त्यांची प्रकृती विचारायला विसरू नये, कारण घरोघरी शुद्धीकरण यंत्र असणाऱ्या सोसायटीत दूषित पाण्याचा पहिला फटका याच लोकांना बसतो.

पाणी दूषित होते कसे, याची आपल्याकडची कारणे ठरलेली आहेत. खडकवासला धरणसाखळीचे पाणी शुद्धीकरण केंद्रातून निघते तेव्हा त्यात क्लोरीन असते. पण जेथे पाणी ठरावीक वेळ येते आणि नंतर बंद होते, तेथे पुरवठा थांबल्यावर जलवाहिनीतला दाब उतरतो, आणि तिच्या शेजारून सांडपाण्याची वाहिनी जात असेल व जलवाहिनीच्या एखाद्या सांध्याला गळती असेल, तर बाहेरचे मैलामिश्रित पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी पाणी सुटते तेव्हा ते सर्वांत आधी आपल्या भूमिगत टाकीत उतरते. पावसाळ्यात जमीन पाण्याने भरलेली असल्यामुळे हे अधिक सहज घडते. दुसरे नेहमीचे ठिकाण म्हणजे खुद्द भूमिगत टाकी. तिचे झाकण पार्किंगच्या फरशीच्या पातळीला असते, ड्रेनेजचा चेंबर दोन-चार फुटांवर असतो, चेंबर तुंबला की पाणी झाकणाच्या फटीतून किंवा भिंतीच्या भेगेतून आत झिरपते. अशी टाकी कितीही घासली तरी भेग बुजेपर्यंत आणि चेंबर दुरुस्त होईपर्यंत ती पुन्हा दूषित होणारच. म्हणून टाकी रिकामी होईल तेव्हा स्वच्छता करणाऱ्यांच्या जोडीला गवंडी असावा, टॉर्चच्या उजेडात चारही भिंती तपासाव्यात आणि झाकणाभोवती उंच कठडा बांधून घ्यावा. मात्र टाकीत माणूस उतरण्यापूर्वी ती पुरेशी उघडी ठेवून हवा खेळती करावी आणि वर दुसरा माणूस उभा असावा, कारण बंद टाकीत गुदमरून जीव गेल्याच्या घटना आपल्याकडे घडत आलेल्या आहेत.

टीसीएल पावडरबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण तिच्यावर फार विश्वास टाकला जातो आणि ती फार निष्काळजीपणे वापरली जाते. चांगल्या प्रतीच्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो आणि साधारण १,००० लिटर स्वच्छ पाण्याला २.५ ग्रॅम पावडर पुरते, असा हिशेब सांगतात. परंतु पोते दमट खोलीत उघडे पडले असेल तर क्लोरीन उडून गेलेला असतो, आणि पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळाशी व सेंद्रिय पदार्थांशी संयोग पावून संपतो, जंतूंसाठी काही उरत नाही. त्यामुळे किती पावडर टाकली याला महत्त्व नाही, किती क्लोरीन शिल्लक राहिला याला आहे. पावडर थोड्या पाण्यात कालवून, चुन्याचा साका खाली बसू देऊन वरची निवळ टाकीत सोडावी, किमान अर्धा तास, शक्यतो एक तास थांबावे आणि ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणी करावी. पाण्यात ओटीचे थेंब टाकल्यावर लगेच उमटणारा पिवळा रंग मुक्त क्लोरीन दाखवतो. काही मिनिटांनी गडद होणारा रंग संयुक्त, म्हणजे इतर पदार्थांशी बांधला गेलेला क्लोरीनही मोजतो, आणि त्यावर विसंबल्यास फसगत होते. टाकीत लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम आणि सर्वांत वरच्या, सर्वांत दूरच्या घरातील नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन मिळाला पाहिजे. ही चाचणी साथ ओसरेपर्यंत रोज, नंतर संपूर्ण पावसाळा आठवड्यातून किमान दोनदा करून नोंदवहीत लिहावी. प्रत्येक टँकर टाकीत रिकामा होण्यापूर्वीही ती करावी आणि रंग न आल्यास टँकर परत पाठवावा.

क्लोरीनने जिवाणू मरतात, बहुतेक विषाणूही निष्क्रिय होतात, परंतु क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परजीवींवर त्याचा परिणाम जवळजवळ होत नाही, म्हणून साथीच्या काळात उकळणे हाच भरवशाचा उपाय ठरतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे पाणी ९८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते, पण त्याने काही बिघडत नाही. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट थांबले तरी रोगकारक जंतू मरतात. वीस-वीस मिनिटे गॅस जाळण्याची गरज नाही, आणि ही गोष्ट मी आवर्जून सांगतो, कारण उपाय महाग वाटला की तो चार दिवसांत सुटतो. शुद्धीकरण यंत्रांविषयी एवढेच लक्षात ठेवावे की अशा यंत्रातून आलेल्या पाण्यात क्लोरीन उरलेला नसतो, त्यामुळे ते हंड्यात भरून त्यात हात बुडवून पेला काढला तर पुन्हा दूषित होण्यापासून त्याला कोणतेही संरक्षण नसते. ओगराळे किंवा तोटी असलेले भांडे वापरावे.

याच परिसरात जानेवारी २०२५ मध्ये जे घडले ते रहिवाशांच्या स्मरणात असणार आणि त्यांच्या भीतीचे ते एक कारण असणार. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात गिया-बारे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले आणि जिल्ह्यातील संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत झालेल्या तपासण्यांमध्ये काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि काहींत नोरोव्हायरस आढळला. गिया-बारे हा स्वतः एकापासून दुसऱ्याला होणारा आजार नाही. कॅम्पिलोबॅक्टरच्या बाह्य आवरणावरील काही शर्करायुक्त रेणू आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंशी इतके मिळतेजुळते असतात की जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे क्वचित मज्जातंतूंवरच हल्ला चढवतात. असे होण्याचे प्रमाण फार कमी आहे, साधारणतः या जंतूच्या हजार संसर्गांमागे एक. त्यामुळे आपल्याकडे जुलाब झालेल्या प्रत्येकाने धास्ती घेण्याचे कारण नाही. मात्र जुलाब बरे झाल्यानंतरच्या एक ते तीन आठवड्यांत पायांत मुंग्या येऊन अशक्तपणा वर चढू लागला, जिना चढता येईना, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. वेळेवर उपचार मिळाल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात. कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू कोंबड्यांच्या आतड्यातही असतो. नीट शिजवलेल्या चिकनमध्ये तो जिवंत राहत नाही, पण कच्चे चिकन कापलेल्या सुरीने आणि त्याच फळीवर लगेच काकडी-कांदा चिरला, तर शिजवण्याचा काही उपयोग उरत नाही.

काविळीचा हिशेब निराळा आहे, आणि येथे बहुतेक समित्यांची गल्लत होते. जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळाला अधिशयन काळ म्हणतात. नोरोव्हायरसचा हा काळ एक-दोन दिवसांचा, कॅम्पिलोबॅक्टरचा साधारण दोन ते पाच दिवसांचा, तर दूषित पाण्यातून होणाऱ्या हिपॅटायटिस ए चा सरासरी चार आठवड्यांचा आणि हिपॅटायटिस ई चा दोन ते आठ आठवड्यांचा असतो. म्हणजे जुलैच्या पंधरवड्यात पिवळे झालेले डोळे जुलैच्या पाण्याची नव्हे, तर मे-जूनच्या पाण्याची साक्ष देतात. त्या दोन रुग्णांना हिपॅटायटिस ए किंवा ई असल्याचे रक्ततपासणीत ठरले, तर आपल्या सोसायटीने मागे जाऊन पाहिले पाहिजे: उन्हाळ्याच्या शेवटी पाणी कमी पडले तेव्हा कोणत्या विहिरीवरचे टँकर मागवले होते, त्या दरम्यान ड्रेनेजचे कोठे काम निघाले होते का, ते दोघे कोठे प्रवासाला गेले होते का. आणि पुढेही पाहिले पाहिजे, कारण जुलैमध्ये ज्या पाण्याने जुलाब झाले त्यातच हे विषाणूही असतील, तर त्यांचे रुग्ण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, सर्व जण साथ विसरून गेल्यावर, दिसू लागतील.

पाण्याचा अहवाल निर्दोष आला म्हणून काविळीची शक्यता फेटाळू नये, हेही सांगायला हवे. प्रयोगशाळा पाण्यात सहसा प्रत्यक्ष रोगजंतू शोधत नाही. ती कोलिफॉर्म गटातले जिवाणू शोधते, कारण त्यांची उपस्थिती म्हणजे पाण्यात मैला मिसळल्याचा पुरावा असतो. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय अजिबात आढळता कामा नये, हा निकष. परंतु विषाणू या जिवाणूंपेक्षा क्लोरीनपुढे अधिक काळ तग धरतात. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरल्यानंतर जादा क्लोरीन वापरले गेले, विषमज्वर आणि जुलाबांसारखे जिवाणूजन्य आजार फारसे वाढले नाहीत, आणि तरीही सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस ई ची साथ होती, हे साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांच्या तपासणीतून कित्येक वर्षांनी उलगडले. एरवी सौम्य असणारा हा आजार गर्भवतींमध्ये, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, अतिशय घातक ठरतो आणि अशा काळात आजारी पडलेल्या दर चार-पाच जणींपैकी एकीचा मृत्यू होऊ शकतो. आपल्या चारही इमारतींमध्ये आणि तेथे काम करणाऱ्यांमध्ये गर्भवती कोण आहेत याची यादी आजच करावी, त्या प्रत्येकीला उकळलेले पाणीच मिळेल याची जबाबदारी सोसायटीने घ्यावी, आणि भूक मंदावणे, मळमळ, गडद लघवी यांपैकी काहीही दिसल्यास डोळे पिवळे होण्याची वाट न पाहता त्यांना डॉक्टरांकडे पाठवावे.

डेंग्यूचा या साऱ्या पाण्याशी संबंध नाही, साठलेल्या स्वच्छ पाण्याशी आहे. एडिस डास दिवसा, मुख्यतः सकाळी आणि संध्याकाळच्या आधी चावतो, घरातच पडद्यामागे, पलंगाखाली विसावतो आणि जन्मलेल्या जागेपासून फार दूर उडत नाही. म्हणून आपल्या तीन रुग्णांचा डास बहुधा आवारातच किंवा लगतच्या बांधकामावर जन्मलेला आहे. बाहेर केलेली धूरफवारणी त्या वेळी हवेत उडणाऱ्या डासांना मारते, घरात बसलेले बहुतांश डास वाचतात आणि पाण्यातल्या अळ्यांना काहीच होत नाही. आठवडा-दहा दिवसांत नवी पिढी तयार होते. रुग्ण आढळलेल्या घराभोवती आरोग्य विभाग धूरफवारणी करतो ते योग्यच आहे, पण तिच्या आवाजाने आणि धुराने मिळणारे समाधान फसवे असते. आठवड्यातून एक कोरडा दिवस ठरवून फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवरची ताडपत्री, लिफ्टचा खड्डा, डक्टमधले भंगार आणि बंद घरांच्या बाल्कन्या तपासाव्यात. भांडी नुसती ओतून भागत नाही, कडा घासाव्या लागतात, कारण एडिसची अंडी पाण्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही अनेक महिने जिवंत असतात. शोभेच्या हौदात गप्पी मासे सोडावेत. डेंग्यूच्या रुग्णाला माणसांपासून दूर ठेवण्याची गरज नाही, डासांपासून आहे: तापाच्या दिवसांत त्याने दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपावे, म्हणजे नव्या डासांना त्याच्या रक्तातून विषाणू मिळणार नाही. हाच डास चिकुनगुन्या आणि झिकाही पसरवतो. राज्यातला झिकाचा पहिला रुग्ण २०२१ मध्ये याच जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातल्या बेलसर येथे आढळला आणि २०२४ मध्ये पुणे शहरातही रुग्ण सापडले. झिकामुळे गर्भाच्या मेंदूला इजा होऊ शकत असल्याने गर्भवतींची ती यादी येथेही उपयोगी पडेल.

मावशींना प्रवेश बंद करण्याचा ठराव आपण मागे घ्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. कावीळ किंवा डेंग्यू त्यांच्यामुळे पसरतो याला कोणताही आधार नाही. जुलाबांच्या बाबतीत म्हणाल, तर त्या दिवसभर आपल्याच सोसायटीचे पाणी पितात, आणि संसर्ग येथून त्यांच्या वस्तीत जाण्याची शक्यता उलट दिशेइतकीच, कदाचित अधिक आहे. वैज्ञानिक नियम फक्त एवढाच आहे की जुलाब-उलट्या होत असलेल्या कोणीही, मग ती घरची गृहिणी असो, स्वयंपाकाच्या ताई असोत की डबा पुरवणारे असोत, त्रास थांबल्यापासून ४८ तास इतरांसाठी अन्न शिजवू अथवा वाढू नये. ती सुट्टी पगारी असावी. पगार कापला जाणार असेल तर आजार लपवला जातो, आणि लपवलेला जुलाब हा सांगितलेल्या जुलाबापेक्षा सर्वांसाठीच धोक्याचा असतो. त्यांना वापरण्यास स्वच्छ शौचालय, साबण आणि उकळलेले पाणी मिळते का, याकडे समितीने पाहावे.

जिन्यांवरच्या फवारणीचा खर्च वाचवून तो रुग्णांच्या घरांतील स्वच्छतागृहांकडे वळवावा. नोरोव्हायरस नळाच्या तोट्यांवर, फ्लशच्या बटणावर आणि कडीवर टिकतो; हाताला लावायच्या अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरचा त्याच्यावर पुरेसा परिणाम होत नाही, म्हणून साबण आणि वाहते पाणीच वापरावे आणि उलटी झालेली जागा ब्लीचच्या द्रावणाने पुसावी. फ्लू, गोवर किंवा क्षयरोग हे हवेतून पसरणारे आजार असते तर मी खिडक्या, मास्क आणि गर्दी यांविषयी लिहिले असते. आपल्या प्रश्नात ते नाहीत, म्हणून त्यांत शिरत नाही.

प्रतिजैविकांबद्दल: विषाणूंवर त्यांचा परिणाम शून्य आहे, आणि जिवाणूजन्य जुलाबही बहुतेक वेळा त्यांच्याविना थांबतात. निरोगी माणसांनी खबरदारी म्हणून ती घेतली तर आतड्यातले उपकारक जिवाणू मरतात, प्रतिरोधक जंतू मागे उरतात, आणि पुढे खरी गरज पडते तेव्हा औषध चालत नाही. जुलाबांत जीव जातो तो शरीरातले पाणी आणि क्षार गेल्यामुळे, त्यामुळे पहिल्या पातळ शौचापासूनच जलसंजीवनी द्यावी. लहान मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने सोबत झिंकच्या गोळ्या द्याव्यात. शौचातून रक्त पडणे, लघवी बंद होणे, मूल निस्तेज होणे किंवा पाणीही न टिकणे, ही दवाखान्यात नेण्याची लक्षणे आहेत. डेंग्यूच्या रुग्णाला तापासाठी पॅरासिटामॉलच द्यावे, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये, आणि ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नये. धोका बहुधा ताप उतरण्याच्या सुमारासच, चौथ्या ते सहाव्या दिवशी असतो, आणि तीव्र पोटदुखी, सततच्या उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा हातपाय थंड पडणे यांपैकी काहीही दिसले तर तातडीने भरती करावे.

नमुन्यांविषयी शेवटची सूचना. बाटली प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक केलेली आणावी. क्लोरीनयुक्त पाण्यासाठीच्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट असते, ते धुऊन टाकू नये, नाहीतर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहतो. महापालिकेच्या नळाचा, टँकरचा, बोअरचा, सर्व भूमिगत टाक्यांचा, गच्चीवरच्या टाक्यांचा आणि एका आजारी घरातील नळाचा असे वेगवेगळे नमुने घ्यावेत, म्हणजे दूषितीकरण नेमके कोणत्या टप्प्यावर झाले ते कळेल. ते बर्फाच्या पेटीत ठेवून त्याच दिवशी पुण्यातील राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत किंवा आरोग्य अधिकारी सांगतील तेथे द्यावेत. ज्यांना अजून जुलाब होत आहेत आणि ज्यांनी प्रतिजैविक घेतलेले नाही, अशा काही जणांच्या शौचाचे नमुनेही आरोग्य विभागाच्या मदतीने पाठवावेत. पाणी आणि रुग्ण या दोन्हीकडून पुरावा जुळला तरच कारण निश्चित झाले असे म्हणता येते. रुग्णांची वही मात्र जुलाब थांबले म्हणून बंद करू नये. शेवटचे दूषित पाणी प्यायल्याच्या तारखेपासून आठ आठवडे, म्हणजे साधारण सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, काविळीच्या नोंदींसाठी ती उघडी ठेवावी, आणि एकही नवी नोंद झाल्यास त्याच दिवशी आरोग्य अधिकाऱ्यांना कळवावे.